सारखी झीज

त्या सकाळी धुण्याचं मशीन पुन्हा सरकत सरकत बाथरूमच्या दारापर्यंत आलं होतं. कपडे पिळायला लागलं की ते थरथरत पुढे यायचं, मागची नळी ताणली जाईपर्यंत, आणि मग दारात अडून गुरगुरत राहायचं. आई ओल्या फरशीवर पाय रोवून, कंबर लावून त्याला मागे ढकलत होती. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू नको मध्ये येऊस, तुला नाही जमायचं. ही रोज माहेरी निघते आणि मी रोज तिला परत आणते." मी हसले. तीही हसली, पण मशीनवरचा हात काढला नाही. पिळणं संपेपर्यंत ती तशीच ओणवी राहिली, तापाने फणफणलेल्या पोराला धरून बसावं तशी. मशीनच्या हादऱ्यांनी तिचे गाल हलत होते आणि आवाज कापत होता, त्यामुळे ती जे बोलत होती ते उगाचच रडवेलं वाटत होतं. बोलत होती साधंच. माझ्या बसची वेळ, मावशीचा गुडघा, माझं न टिकणारं वजन. बाहेरच्या खोलीत बाबा इस्त्रीची वायर सोलत बसले होते. मी त्यांना म्हणाले, "आता नवीन मशीन घ्या की." मान वर न करता ते म्हणाले, "कशाला? उत्तम चाललंय." आतून आई म्हणाली, "चाललंय खरं. दारापर्यंत." बाबांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्यांनी वायरचं टोक दाताने ओढलं आणि तांब्याच्या तारा पिळून एकत्र केल्या, फार सुबकपणे, जसं त्यांना सगळंच करता यायचं.

मी दुपारच्या बसने परतले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईच्या छातीत दुखायला लागलं. बाबा तिला गाडीतून दवाखान्यात घेऊन निघाले, वळणरस्त्यावर मागचा टायर बसला, बाबांनी तो बदलला, दोघं पोचली, आणि उजाडायच्या आत आई गेली. झालं ते एवढंच. मी कोर्टात लघुलेखक आहे. लोकांच्या आयुष्यातली याहून गुंतागुंतीची संकटं मी रोज उतरवून घेते, आणि ती अशीच दोन-चार वाक्यांत मावतात. साक्षीदार बोलतो, वकील तोडतो, न्यायाधीश खाकरतात, मी मान खाली घालून लिहिते. इतकी वर्षं त्या खोलीत बसते आहे, पण माझा आवाज तिथे कुणी ऐकला असेल असं वाटत नाही. एक गोष्ट मात्र त्या कामाने शिकवली. माणूस तोच प्रसंग पहिल्यांदा सांगतो तेव्हा अडखळतो, मागे जातो, चुकतो. तिसऱ्या-चौथ्यांदा सांगतो तेव्हा त्याला वळण आलेलं असतं. कुठे थांबायचं, कुठे उसासा टाकायचा, हे त्याला कळलेलं असतं. खोटं बोलत असतो असं नाही. खडबडीत भाग झिजून गेलेले असतात, इतकंच.

बाबांची गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत अशी झिजत गेली. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. लोक चपला काढून आत येत, आईच्या खुर्चीकडे बघून न बघितल्यासारखं करत, आणि विचारत, "एकदम कसं काय झालं?" मग बाबा सांगत. पहिल्या दिवशी, मावशीला, त्यांनी सांगितलं ते असं होतं: तिला घाम आला होता, मी म्हटलं पित्त असेल, मग म्हटलं नको, जाऊ, मग ते टायरचं झालं, मग, मग उशीर झाला का गं? मावशी त्यांचा हात धरून रडली. तेव्हा मला त्यांची दया आली होती. त्यांच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती आणि ते सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं. मला वाटलं, हा माणूस आता कोसळणार. मी पाणी आणून ठेवलं. पण संध्याकाळी समोरच्या काकू आल्या तोवर गोष्टीत नट आला होता. चार नट सहज निघाले, पाचवा हटून बसला. "दुकानवाल्याने मशीनने आवळलेला. माणसाच्या हाताने आवळलेला नट माणसाच्या हाताने निघतो." काकू मान हलवत होत्या. दुसऱ्या दिवशी शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आले तेव्हा बाबांनी बशी उपडी ठेवून तिचा टायर केला, चमच्याचा पाना केला, आणि पाना कुठे धरल्यावर जोर कसा वाढतो ते दाखवलं. पोस्टमास्तर म्हणाले, "असं होय." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या दिवशी आई गोष्टीत फक्त एकदा आली. "हिला जरा खाली उतरून बसायला सांगितलं," बाबा म्हणाले, "जॅकवर गाडी चढवताना आत माणूस ठेवत नाहीत." पोस्टमास्तरांनी त्यालाही मान डोलावली. नियम बरोबरच होता.

माझ्या हातातलं झाकण मी ओट्यावर ठेवलं. फार हळू ठेवलं. आमच्या घरात आदळआपट करायचा हक्क एकाच माणसाला होता, आणि ते माणूस तेव्हा बाहेर चमच्याने नट काढत होतं. छातीत दुखणाऱ्या बाईला गाडीतून उतरवलं. रस्त्याच्या कडेला, खडीवर. ती उतरली असणार, पदर सावरत, "अहो सावकाश" म्हणत. तिने विचारलंही नसेल का म्हणून.

बाबा पाणीपुरवठ्यात होते, पंपहाऊसवर. शाळेत असताना मी डबा घेऊन तिथे जायची. जमिनीखाली उतरणाऱ्या लोखंडी जिन्याखाली दोन मोठे निळे पंप होते. एक चालू असायचा, एक उभा. ठरावीक दिवशी बाबा त्यांची पाळी बदलायचे. उभा पंप नुसता उभा ठेवला की त्याचं सील वाळतं, बेअरिंग गंजतं, आणि नेमक्या वेळी तो दगा देतो. तिथे ते बरोबरच होतं. शहराला पाणी मिळत होतं. पण बाबांनी तो नियम घरी आणला. आमच्याकडे दोन कुकर होते, ते आलटून पालटून लागायचे. चांगल्या कपबशा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या नसायच्या, त्या रोजच्या कपांबरोबर फुटत जायच्या. गाडीची स्टेपनीसुद्धा डिकीत सुखाने पडून राहू शकत नव्हती. लोक चार चाकं सारखी झिजावीत म्हणून आलटून पालटून फिरवतात. बाबा पाच फिरवायचे. "आपल्याकडे बसून कुणी खात नाही," असं ते म्हणायचे, चाकाला थाप मारून. आई म्हणायची, "पाचही भाऊ एकदमच टकले झाले." आम्ही दोघी त्यावर कितीदा हसलो असू. आता वाटतं, ते विनोद तिने केले नसते तर बरं झालं असतं. विनोद केला की बोलल्याचं समाधान मिळतं आणि पाचही टायर गुळगुळीत होईपर्यंत गाडी चालू राहते. अडीनडीला काही हातचं राखलेलं असावं, ज्याला रोजच्या वापराचा हात लागलेला नाही असं काहीतरी, हे बाबांना कधी पटलंच नाही. तिच्या बाबतीतही नाही. ती आजारी असली की मी तिची पाळी घ्यायची, मी नसले की ती माझी. आम्ही दोघी एकाच वेगाने झिजत होतो, म्हणून मी एक दिवस दूरच्या गावी नोकरी धरली. बाबांनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, "मग इथलं कोण बघणार?"

लोकांचं येणं कमी झालं तसं घर बंद पडायला लागलं. आधी फ्रिज. सकाळी बघते तर खाली पाणी, दार बोटभर उघडं. मी ते लावलं, ते पुन्हा उघडलं. जोर लावला, तरी पुन्हा. मग आठवलं, आई फ्रिज लावताना दार गुडघ्याने किंचित वर उचलायची. हातात भांडी असली तरी पाय आपोआप वर जायचा. मी उचलून बघितलं, पण कुठे आणि किती हे माझ्या गुडघ्याला माहीत नव्हतं. त्यानंतर मिक्सर. त्याचं झाकण एका बाजूने दाबून, भांडं जरासं फिरवून धरावं लागतं. मी सरळ धरलं, तो घुं करून थांबला आणि जळका वास आला. गॅसच्या एका शेगडीवर आधी फुंकर मारायची, मग ती पेटवायची. गिझरचं बटण ओल्या हाताने दाबायचं नाही, त्याच्यासाठी खिडकीत एक लाकडी पळी ठेवलेली असायची, ती मी पहिल्याच दिवशी धुऊन चमच्यांत ठेवून दिली होती. मग ओल्या बोटाने बटण दाबलं आणि खांद्यापर्यंत झिणझिणी गेली. मी काही वेळ बाथरूमच्या पायरीवर बसून राहिले, हात मांडीत धरून. रडू येत नव्हतं. माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती की ही झिणझिणी तिला किती वेळा आली असेल, पळी सापडायच्या आधी, आणि तिने ती कुणाला सांगितली असेल. बाबांना सांगितली असती तर त्यांनी दुरुस्ती केली असती. त्यांनी गिझर उघडून, पुसून, परत लावून, "बघ, उत्तम चाललंय," म्हटलं असतं, आणि मग तिला दुसरी पळी शोधावी लागली असती. म्हणून ती सांगत नसावी.

बाबांना या सगळ्याचा वेगळाच अर्थ लागला. मावशी दुसऱ्यांदा आली तेव्हा ते तिला म्हणाले, "ती गेली आणि एकेक वस्तूही बघा. फ्रिज गेला, मिक्सर गेला. घराला कळतं हो." मावशीने डोळे टिपले. "वस्तूंनाही माया असते भावोजी," ती म्हणाली. मी तिथेच बसले होते, आणि संतापाने माझे कान तापले. माया नव्हती. फ्रिज आधीपासूनच मोडलेला होता. मिक्सर मोडलेला होता, मशीन मोडलेलं होतं, आणि एक बाई गुडघ्याने, कंबरेने, फुंकरीने ते सगळं रेटत होती, आणि बाबा चारचौघांत सांगायचे की आमच्याकडच्या वस्तू बघा, एकही बदलली नाही, हात असावा लागतो. हात त्यांचा म्हणे. मी तोंड उघडलं होतं. मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गं?" मी म्हणाले, "चहा टाकू का?" तीस-पस्तीस वर्षांची सवय एका दुपारी मोडत नाही.

त्याच संध्याकाळी बाबा कपड्यांची बादली घेऊन मशीनसमोर उभे दिसले. बराच वेळ ते त्याच्या बटणांकडे बघत होते. त्यांनी ते मशीन पूर्ण उघडून पुन्हा जोडलं होतं, त्याचा पट्टा बदलला होता, पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या घातल्या होत्या. मला बघून त्यांनी विचारलं, "हे सुरू कुठून करायचं गं?" मी दाखवलं. ते म्हणाले, "हं." त्यांचा चेहरा तेव्हा अगदी लहान दिसला, आणि मला परत ती पहिल्या दिवशीची दया यायला लागली, वरखाली बटणांची. मी तिला येऊ दिलं नाही. दया आली की मी गप्प बसते, हे मला माझ्याबद्दल ठाऊक आहे. आईही दयेपोटीच गप्प बसत आली असणार. आणि गप्प बसायला आता फार वेळ उरला नव्हता. रविवारी मी परत जाणार होते. तोवर बाबांची गोष्ट पक्की होणार होती. नट, पाना, जोर, पोचणं. एकदा पक्की झाली की ती तशीच सांगितली जाणार, मावशीच्या मुलांना, त्यांच्या मुलांना, आणि त्यात आई म्हणजे जॅक लावण्याआधी गाडीतून काढायचं वजन एवढीच उरणार. तिच्या शेवटच्या संध्याकाळचा दुसरा साक्षीदार नव्हता. जो होता तो बशीचा टायर करत होता.

शनिवारी दुपारी फोरमनकाका आले. पंपहाऊसवर ते बाबांच्या हाताखाली होते, आता त्यांचेही केस पिकले होते. दारातूनच, "साहेब," म्हणाले आणि वाकून बूट काढत राहिले. बाबांनी त्यांना आपल्या शेजारी बसवलं. आपलं माणूस आलं म्हणून असेल, बाबा त्या दिवशी मोकळे झाले. गोष्ट नीट सुरुवातीपासून सांगितली. रस्ता, आवाज कसा आला, स्टेअरिंग कसं ओढलं. फोरमनकाका योग्य ठिकाणी योग्य प्रश्न विचारत होते. मग बाबा म्हणाले, "एक स्कूटरवाला थांबला. म्हणाला, काका, काही मदत? गाडी थांबवून देऊ का एखादी? मी म्हटलं, जा बाबा तू, पाच मिनिटांचं काम आहे." फोरमनकाका म्हणाले, "तुम्ही कुणाला हात लावू देताय होय." दोघंही किंचित हसले. स्कूटरवाला मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझी बोटं मांडीवर हलायला लागली होती, लिहून घेत असल्यासारखी. "पण अंधारायला लागलं होतं ना," फोरमनकाका म्हणाले, "दिसलं कसं तुम्हाला?" आणि बाबा म्हणाले, "टॉर्च होता. हिने धरला होता." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, अभिमानाने म्हणाले, "शेवटचा नट आवळेपर्यंत हात हलला नाही तिचा." फोरमनकाका म्हणाले, "वहिनी म्हणजे वहिनीच."

पंखा फिरत होता. मला खोलीतलं सगळं फार स्वच्छ दिसायला लागलं, बशीच्या कडेचा टवका, काकांच्या मोज्याचं भोक. टॉर्च धरणं काय असतं ते मला माहीत आहे. लहानपणी ते माझं काम होतं. बाबा पलंगाखाली, टाकीवर, फ्यूजच्या पेटीत डोकं घालून, आणि मी मागे टॉर्च घेऊन. मन जरा भटकलं की उजेड भटकायचा, आणि लगेच, "मी बघतोय तिकडे धर. तू बघतेस तिकडे नको." एकदा मी बराच वेळ उभी होते आणि मला लघवीला लागली होती, पण काम मध्यावर होतं. आईने येऊन टॉर्च माझ्या हातातून काढून घेतला आणि मला नजरेनेच जा म्हटलं. उजेड हललासुद्धा नाही. त्यानंतर टॉर्च तिच्याकडेच राहिला. टॉर्च धरणाऱ्याचा चेहरा कुणाला दिसत नाही. काम करणाऱ्याला उजेड दिसतो, नट दिसतो, आपले हात दिसतात. धरणारा मागे काळोखात असतो, आणि तो किती वेळ आहे, बसला आहे की उभा, त्याला काय होतं आहे, ते उजेड हलल्याशिवाय कळत नाही. तिने तो हलू दिला नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखं दुखत असताना, डावा हात बधिर झाला असताना, तिने उजव्या हाताने टॉर्च नेमका बाबा बघत होते तिथे धरला, त्यांना ओरडावं लागू नये म्हणून.

"बाबा," मी म्हणाले.

ते अजून काकांकडेच बघत होते. "स्टेपनी मात्र खणखणीत निघाली," ते सांगत होते. "अजून त्याच टायरवर गाडी आहे."

"बाबा, ती बसली होती म्हणालात तुम्ही. आधी."

"कधी?"

"मास्तरांना सांगताना. उतरून बसायला सांगितलं म्हणालात. टॉर्च धरला म्हणजे उभी होती."

"बसली असेल आधी. मग उभी राहिली असेल. आता ते कुठे लक्षात राहतं?" बाबा म्हणाले. "कोर्ट लागलंय का इथे?" आणि ते फोरमनकाकांकडे बघून हसले, ही अशीच आहे, असं.

काकांनी कप खाली ठेवला. हसायचं की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

"तुम्ही एकदा तरी वळून बघितलंत का तिच्याकडे?"

"अगं, मी नट बघत होतो ना," बाबा म्हणाले. चिडून नाही, समजावून सांगावं तसं. "मी तिच्याकडे बघत बसलो असतो तर चाक कुणी बदललं असतं?"

"तो स्कूटरवाला."

बाबांनी चमचा उचलला, परत ठेवला. "डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. तूच विचार त्यांना."

"ते मी विचारत नाहीये. वाचली असती की नाही ते मला नकोच आहे. तिला दुखत होतं, बाबा. ती तुमच्यापासून हाताच्या अंतरावर उभी राहून मरायला लागली होती, आणि तिला काळजी होती ती उजेड हलू नये याची. ही हिंमत नव्हे. तुम्ही सगळ्यांना अभिमानाने सांगताय, पण ती तुम्हाला घाबरायची. आम्ही दोघी घाबरायचो."

फोरमनकाका म्हणाले, "ताई, साहेबांना आधीच..." आणि थांबले. बाबांच्या तोंडावरून काहीतरी निघून गेलं होतं. त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि उठायला लागले. "पंख्याचा आवाज येतोय," ते म्हणाले, वर बघत. "तो रेग्युलेटर जरा..."

माझा आवाज चिरकत होता, तरी तो माझाच होता, आणि खोलीतल्या दोघांनाही ऐकू जात होता.

"मला तुमचा राग येतो, बाबा," मी म्हणाले. "फार राग येतो. लहानपणापासून येतो. बसा खाली. काका, तुम्हीही बसा. माझं अजून बोलून झालेलं नाही."